काट्याचं जेवण

रविवार, २९ मार्च

आज एक जागा सापडली. आणि तिथं मी एक खोटं ठेवून आले. दोन्ही लिहायला हवं.

शहापूरच्या आमच्या वाचनालयाची पुस्तकांची पेटी भातसानगरच्या वसाहतीत पोचवायची होती. पोचवली. परतीची एसटी पावणेदोन तासांनी! ऊन तर असं, की डांबर चपलेला धरत होतं. वसाहतीच्या मागे पाणी चमकताना दिसलं, म्हणून पायवाटेने उतरले. वाटलं होतं, पाच मिनिटं. पण उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली खाली जातं आणि मधे नुसती भेगा पडलेली माती राहते. चालत राहिले. मग वास आला — तव्यावरच्या माशाचा.

पाण्यापासून दहा पावलांवर खोपट. चार बांबू, वर निळी ताडपत्री, तीन दगडांची चूल, दोन बाकं. बोर्ड-बिर्ड नाही. बाहेर काठीला एक लाल ओढणी बांधलेली. ओढणी असली की मासळी आहे, नसली की आल्या वाटेने परत जायचं — हे नंतर कळलं.

चुलीपाशी साठीची बाई. चिमाबाई.

"जेवायला मिळेल का?"

"मिलंल की. एकटीच हायस?"

"हो."

"मंग दम खा जरा. भाकरी उतरवते नि बसते तुझ्यासमोर. एकट्या मान्साला मासली वाढत नाय आमी."

मला कळेना. मागे जाळं सोडवत बसलेला तिचा नवरा बारकू म्हणाला, "काट्याचं जेवन हाय, बाय. घशात काटा अडकला तर पाठीत कोन मारंल तुझ्या? तो मासा?"

पळसाच्या पत्रावळीवर तांदळाची भाकरी, मरळीचे दोन तुकडे, कैरी घातलेलं कालवण. आणि समोर चिमाबाई. खात नव्हती. नुसती माझ्या बोटांकडे बघत होती. "सावकाश. मधला काटा आधी काढ."

माझ्या जेवणाकडे कोणी असं बघून किती वर्षं झाली! घरी नवरा साडेआठला ताट घेऊन मोबाइलसमोर बसतो. मी ओट्याशी उभ्यानेच खाते. भांडण नाही. मारहाण नाही, दारू नाही. कोणाला सांगावं असं काहीच नाही. मूल झालं नाही, त्यावर एकदा बोललो होतो. बारा वर्षांपूर्वी.

जेवता जेवता चिमाबाईचं लक्ष माझ्या गळ्याकडे गेलं. आठ दिवस मानेला घामोळं आहे, मंगळसूत्र काढून ठेवलंय.

"मालक कवा गेलं गो?"

तोंडात घास होता. गिळेपर्यंत तिचा हात माझ्या पाठीवर आला सुद्धा. खरखरीत, ऊन ऊन हात. "र्‍हाऊ दे. नको सांगू. जेव."

मी नाही सांगितलं. जेवले.

मंगळवार, ३१ मार्च

आज हे घरात एवढं बोलले — "चार्जर कुठाय?" आणि "झालं का?"

रविवार, ५ एप्रिल

गेले. पेटी नव्हती, काम नव्हतं. घरी सांगितलं, वाचनालयात जाते. यांनी मान हलवली. रविवारी वाचनालय बंद असतं, हे सोळा वर्षांत यांच्या लक्षात आलेलं नाही.

खोपट जागेवर नाही! मग खाली ओढणी दिसली — चाळीस पावलं आणखी पुढे. पाणी उतरलं, की बांबू उपटायचे आणि मागे मागे जायचं. बारकू म्हणाला, "पानी काय आमच्याकडं येत नाय. आमीच जातो त्याच्याकडं, जावयासारका त्याचा रुसवा काढाया."

"मंग तुमचा रुसवा काडला कोनी?" चिमाबाई चुलीपाशूनच म्हणाली.

"तुज्या बापानं. कोंबडी कापून."

दोघं हसली. मीही. आवाज ऐकून मीच दचकले.

तिने विचारलं, मालक कसे होते गो? काय सांगू! सुरुवातीची वर्षं सांगितली. लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात माहुलीच्या गडावर गेलो होतो, माझी चप्पल तुटली, तर यांनी स्वतःची मला दिली आणि स्वतः अनवाणी उतरले. घरी येऊन पायातले काटे मोजले, अकरा. सांगताना रडू आलं. चिमाबाईही डोळे पुसत होती. खोटं एवढंच होतं, की तो माणूस मेला असं तिला वाटत होतं.

एवढंच?

बुधवार, ८ एप्रिल

काजल वाचनालयात माझ्यासोबत काम करते, सव्वीस वर्षांची, चुरचुरीत बोलणारी. आज म्हणाली, "ताई, तुम्ही हल्ली सोमवारी वेगळ्याच दिसता. काय खाता काय रविवारी?"

"मरळ," म्हटलं.

मंगळवार, १४ एप्रिल

जयंती. पांढरी साडी नेसून चौकात गेले. माइकवर हेच होते. काय हसवत होते लोकांना! म्हाताऱ्या बायांना हाताला धरून सावलीत बसवत होते — "आजी, जेवल्याशिवाय जायचं नाय हां." एवढे शब्द आहेत यांच्याजवळ. एवढी माया आहे.

मग खिरीची रांग लागली. वाढायला हे. मी पुढे आले. यांनी वर न बघता वाटी माझ्या हातात दिली.

"घ्या ताई. पुढं सरका."

सरकले.

रविवार, १९ एप्रिल

आखाती, म्हणजे अक्षय्य तृतीया.

मला ठाऊक नव्हतं, की आज चिमाबाईकडे वारलेल्या माणसांची पानं वाढतात. खोपटाबाहेर सारवलेल्या जागी पाच पत्रावळी. बारकूचे आईबाप, एक भाऊ, चिमाबाईची आई, आणि या दोघांची लहानपणीच गेलेली मुलगी. प्रत्येक पानावर भात, मासा, कैरीची फोड. बारकू एकेक नाव घेऊन पाणी सोडत होता.

सहावं पान रिकामं होतं.

चिमाबाई म्हणाली, "हे तुज्या मालकाचं. तुज्या घरी कोन हाय वाढाया? आमच्या मान्सांत बसंल तो बी. नाव सांग त्याचं."

आमच्यात पितर नाहीत. हे सगळं माझे आजोबा सोडून आले, मी त्याच्यात वाढलेली नाही. 'आमच्यात हे करत नाहीत' म्हटलं असतं, तरी सुटले असते. खोटं न उघडता सुटले असते!

पण तिने पानावर मासा ठेवला होता. मधला मोठा तुकडा. परक्या माणसासाठी.

सोळा वर्षांत मी यांचं नाव उच्चारलं नव्हतं. आज उच्चारलं.

"धम्मपाल."

बारकूने पाणी सोडलं. कावळा आला आणि सगळ्यांत आधी त्याच पानावर बसला. चिमाबाईने माझा हात दाबला — "बघ. भुकेला व्हता."

मंगळवार, २१ एप्रिल

धम्मपाल साडेसहाला येतो. आज साडेसात झाले, पावणेआठ झाले. फोन लागत नव्हता. मी गॅलरीत. नाही मानत ना तू हे? मग सारखी रस्त्याकडे का बघतेयस?

आठला आला. "दार उघडं का टाकलंय? डास येतात."

तो आत गेला. मी तिथेच बसले. सुटल्यासारखं वाटलं, हे खरं. आणि त्याच्या खाली आणखी काहीतरी वाटलं, ते इथेसुद्धा लिहिणार नाही.

रविवार, २६ एप्रिल

सांगून टाकलं. बाकावर बसायच्या आधीच, उभ्याने. "मावशी, माझा नवरा जिवंत आहे. शहापुरात आहे. ठणठणीत आहे."

तिच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. मासा करपला.

"जित्या मान्साचं पान वाढलं मी?" ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "माज्या पोरीच्या शेजारी बसवलं त्याला. आनि तू नाव सांगितलंस. मारतो तुला?"

"नाही."

"बाई ठेवलीय?"

"नाही."

"पितो?"

"नाही."

"मंग का गो मारलंस त्याला?"

मी म्हणाले, "मावशी, तो माझ्याशी बोलत नाही." ऐकताना मलाच किती लहान वाटलं ते!

बारकूने जाळं खाली ठेवलं. मग चिमाबाईने सांगितलं. जित्या माणसाचं पान मयतांत गेलं, तर त्याला आणून त्याच चुलीवरचं जेवू घालावं लागतं, बायकोनं समोर बसून. तो पोटभर जेवला, की ती मयतांकडून त्याचं पान परत मागून घेईल. "येत्या ऐतवारी आन त्याला. मी कायबी बोलनार नाय. मासा चांगला काडून ठेवते."

"आला नाही तर?"

"येईल की. जेवाया बोलावलं तर कोन येत नाय?"

बुधवार, २९ एप्रिल

तीन दिवस शब्द जुळवत होते. आज जेवताना बसले — ओट्याशी नाही, त्याच्या समोर. त्याने बघितलं, बाजूला सरकला. मोबाइलच्या आड येत असेन, असं वाटलं त्याला.

सगळं सांगितलं. जागा, चिमाबाई, घामोळं, पान, कावळा. एका दमात. शेवटी म्हणाले, "त्यांना वाटतं, तुम्ही वारलात. रविवारी चला माझ्यासोबत. एकदाच. अर्धा तास."

वाटलं, चिडेल. चिडावा, असंच वाटत होतं. ताट फेकलं असतं तरी मी उचललं असतं, आनंदाने.

तो हसला. चौकात हसतो तसा, मोकळा. कितीतरी दिवसांनी माझ्याकडे बघून.

"मग बरंय की," म्हणाला. "आता मी आलो तर पुन्हा सगळ्यांना समजावत बसायचं. राहू दे ना मेलेला. तुला काय त्रास आहे?"

मग पुन्हा मोबाइल. थोड्या वेळाने — "भात आहे का अजून?"

वाढला.

शनिवार, २ मे

काजलबरोबर मुरबाडला जाऊन आले. तिच्या मावशीची मागली खोली रिकामी आहे. मोरी आतच. खिडकीतून शेवग्याचं झाड. तिथून शहापूरची एसटी सकाळी साडेआठला, वाचनालयात वेळेवर पोचेन.

मावशीने विचारलं, "किती माणसं?"

"एक."

रविवार, ३ मे

एकटीच गेले. चिमाबाईने माझ्या मागे पायवाटेकडे बघितलं, बराच वेळ. मोठा मासा काढून ठेवला होता तिने.

"मंग? तो नाय आला तरी त्याचं पान परत मागू ना मी?"

"नका मागू," म्हणाले.