बाबांच्या गाण्याखालचा बेस

४ मार्च
तालीम फुकट गेली. बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत पंखा बंद, त्यात विलासकाका. (यापुढे वि.का. पूर्ण नाव लिहायची त्यांची लायकी आज नाही.) गायन पार्टी त्यांची, कीबोर्ड त्यांचा, म्हणून बोलणंही त्यांचंच. गळ्याच्या ऑपरेशननंतर बाबा आज पहिल्यांदा माइकसमोर उभे राहिले. गाठ निघाली, पण आवाजही तिच्याबरोबर निघून गेल्यासारखा झालाय. एक कडवं झालं आणि वि.कां.नी हात वर केला. "बाय, तुझा बेस दादाला खातोय. त्याचा काय आयकूच येत नाय." (दादा म्हणजे बाबा.)
माझा बेस! ढोलकी नाही, त्यांचा कीबोर्ड नाही, माझी चार तारांची बेस गिटार.
चौदा एप्रिलच्या जयंतीला बाबांचं एकच गाणं आहे, दरवर्षी ते स्टेजवर पहिलं होतं. महिनाअखेरपर्यंत ऐकू आलं नाही, तर ते लांज्याच्या गायकाला देणार. हे बाबांच्या समोर बोलले. बाबा नुसते पाणी प्यायले.

७ मार्च
मोबाइलवर तालमीचं रेकॉर्डिंग ऐकलं. वि.का. बरोबर आहेत, हे जास्त झोंबलं. बोट तारेवरून सरकलं की चर्र होतं. माझ्या तारांवर बारीक गोल तार गुंडाळलेली आहे, स्क्रूला आटे असतात तशी, त्यावर बोट घासतं. आणि बाबांचा आवाज आता नुसता श्वास आणि खरखर. माझी चरचर बरोब्बर त्यावर जाऊन बसते.
सपाट पट्टी गुंडाळलेल्या तारा मिळतात, फ्लॅटवाउंड. आवाज मऊ, चरचर नाही. त्याच पाहिजेत.

९ मार्च
माळनाक्याचं वाद्यांचं दुकान. दुकानदार:
"सपाट म्हणजे? सगळे ह्याच नेतात मॅडम."
मला सगळे नेतात त्या नकोयत म्हणून तर आले ना! मग साध्या गिटारच्या नायलॉनच्या दाखवल्या. मग म्हणतो, "मिस्टरांना घेऊन या, ते बघून घेतील." मिस्टर असते तर त्यांनाही घरी बसवून मीच आले असते. बारा वर्षं बेस वाजवतेय मी.

१२ मार्च
डोकं फुटायची वेळ. व्हिडिओत एक माणूस जुन्या तारा उकळत होता. मळ निघून जातो म्हणे. म्हटलं, मळ जाईल, चरचर जाईल. अर्धाच बघितला आणि पातेलं चढवलं. वाळवून तारा परत लावल्या आणि वाजवलं, तर खण्ण! कालच्या दुप्पट. उरलेला व्हिडिओ मग बघितला. आवाज कोऱ्या तारांसारखा खणखणीत व्हावा म्हणूनच लोक त्या उकळतात. शाबास.
वर आई. "बांगड्याच्या कालवणाचा पातेला तो! त्यात लोखंड शिजवतेस? उद्या खिळ्यांची आमटी कर."

१५ मार्च
बाबांनी न विचारता तारांना खोबरेल चोळलं. मांडवीच्या खाऱ्या हवेत आमच्याकडे बिजागरी, सायकल, शिवणयंत्र, सगळ्याला तेच औषध. चरचर गेली, खोटं कशाला बोलू. पण बोटंही गेली. तालमीत घसरून भलत्याच सुरावर.
वि.का.: "कुठला गाणा वाजवतेस गो? आमाला पण सांग."
बाबा माझ्याकडे बघेनात. त्यांना वाटतंय त्यांच्यामुळे मला बोलणी बसली. घरी येऊन तारा रॉकेलने पुसल्या. हाताला अजून वास आहे.

१९ मार्च
ऑनलाइन मागवलेला सेट आला. सपाट, गुळगुळीत, बघूनच जीव निवला. लावायला घेतला तर जाडी तार खुंटीपर्यंत पोचेचना. छोट्या मापाच्या बेसच्या निघाल्या. माप बघायचं कोण विसरलं? मीच.
रडले. तारेसाठी रडले, हो.
बाबा दारात येऊन, "तुटली काय?"
"नाय, आखूड आहे."
हसले. हल्ली त्यांच्या हसण्यालाही आवाज नसतो, खांदे तेवढे हलतात.

२२ मार्च
मुंबईला प्रशांतला फोन केला. चुलतभाऊ. आईच्या शिवणाच्या टेपने जुनी तार मोजून त्याला फोटो पाठवले.
"तुमच्या रत्नागिरीत कायच कसा मिळत नाय गो?"
म्हटलं, आंबे मागायला फोन करतोस तेव्हा बरं सगळं मिळतं रत्नागिरीत. उद्या दुकानात जातो म्हणाला.

२६ मार्च
प्रशांतने तारा रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे दिल्या. सकाळी साळवी स्टॉपला उभी राहिले. बस थांबली, माणसं उतरली, मी ड्रायव्हरपर्यंत पोचायच्या आत बस गेली. दीड तासाने ड्रायव्हरचा फोन लागला, तर "अरे हां, ताई, विसरलोच, आता राजापूर आलं."
काय बोलायचं अशा माणसाला? बोलले ते इथे लिहीत नाही. परतीच्या गाडीने संध्याकाळी पार्सल आलं. ऑफिसात साहेबांची बोलणी वेगळी.

२७ मार्च
लावल्या. माप बरोबर! बोट वरून खाली सरकवलं, काही नाही. चकार शब्द नाही. खालचा सूर उशीत हात दाबावा तसा. तासभर वाजवत बसले.
आई स्वयंपाकघरातून, "बंद पडला काय तो?"
इतकी चांगली दाद मला कुणी दिली नव्हती.

३० मार्च
तालीम. बेस खाली बसला, ढोलकीवालाही हलकाच वाजवत होता. आणि बाबा ऐकू आले.
सगळेच ऐकू आले. वरच्या सुराला आवाज फाटतो ते. ओळीच्या शेवटी नुसती हवा येते ते. दुसऱ्या कडव्यात दोन शब्द तर ओठांवरच, बाहेर काहीच नाही. माझी बोटं चालू होती म्हणून, नाहीतर मी उठून गेले असते. बाबांनी गाणं पूर्ण केलं.
वि.कां.नी यावेळी हात वर केला नाही. कीबोर्डची वायर सारखी करत म्हणाले, "आता आयकू येतोय दादा." एवढंच. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

३१ मार्च
सकाळी चहा घेताना बाबा.
"जुन्या तारा टाकल्यास काय?"
"नाय. का?"
"त्याच लाव."
मी ओरडलेच. महिनाभर मी काय केलं, कुणासाठी केलं, लोकांची किती बोलणी खाल्ली! आई मधे पडली, तिलाही बोलले. बाबा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "त्या होत्या तवा मला वाटायचा, बेस आडवा येतोय म्हणून माझा आयकू येत नाय."
कप उचलून मोरीत ठेवला आणि अंगणात गेले.
"मग गाऊ नका," मी मागून म्हटलं. म्हणजे म्हणून गेले. जीभ भाजली असती तर बरं.
वळून म्हणाले, "गाणार तर हाय मी."
वि.कां.चा फोन दोनदा येऊन गेला. गाणं बाबा म्हणणार की लांज्याचा गायक, दुपारपर्यंत कळवायचंय. बाबा आंब्याखाली उभे आहेत, पाठमोरे. तेच गाणं म्हणतायत, दुसरं कडवं. ते दोन शब्द आले की थांबतात, परत पहिल्यापासून धरतात. इथून तरी मला ते शब्द ऐकू येत नाहीत.