वखारीतला रिकामा सामना

अण्णा,

काल आमच्या कल्याणच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत पोरांनी कॅरम मांडला आणि मला हाक मारली. "मॅडम, तुम्ही राज्याकडून खेळायचात ना? या की!" मी हसून नाही म्हटलं आणि डबा उघडला. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. घरी बोलायला दुसरं कुणी नाही. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

कर्जतला आपला बोर्ड स्वयंपाकघरात असायचा, कारण बरा दिवा तेवढा तिथंच होता. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून इंजिन जोडायचं तुमचं काम. ते आटोपून तुम्ही येता, हातांचं तेल राखेनं घासून काढता आणि पाटावर बसता. आई भाकरी थापते आहे, समोर मी. एकदा नेम चुकला म्हणून मी बोर्डालाच नावं ठेवली. तुम्ही माझ्या हातातला स्ट्रायकर काढून घेतलात. "बोर्ड दोगांना सारकाच हाय. जा, भांडी घास." पुढं कितीतरी दिवस मला सोंगटीला हात लावू दिला नाहीत. मग एके संध्याकाळी तुम्हीच म्हणालात, "ये गं, तुज्याबिगर खेळात मन नाय लागत." तुम्ही मला पुष्कळ काही आणून दिलंत, पण त्या वाक्याएवढं काहीच नाही.

नवं भात यायच्या आधी गिरणीची वखार रिकामी असायची, तेव्हा दरवर्षी तुमची स्पर्धा. कोंड्याचा वास, बोर्डांवर लोंबणारे दिवे, खोपोलीपासून पळसदरीपर्यंतची माणसं. मुंबईच्या संघटनेकडे खेटे घालून तुम्ही मान्यता मिळवली होती, म्हणून नावाजलेले खेळाडूही यायचे. बक्षीस म्हणजे ढाल आणि नारळ. दुहेरीत तुमचा जोडीदार ठरलेला, कुंभिवलीला हायवेवर पंक्चर काढणारे काका. त्यांच्यासारखा बारीक कट मारणारा माणूस मी पुढं कुठंच पाहिला नाही.

मग मुंबईत ती लीग निघाली. कुणा धंदेवाल्यानं संघ पाडले आणि खेळाडूंना चक्क पगार सुरू केला. अट अशी की सही केली की दुसरीकडं खेळायचं नाही. संघटनाही इरेला पेटली. जो लीगमध्ये जाईल तो आमच्या सगळ्या स्पर्धांतून बाद, असं तिनं जाहीर केलं. एके संध्याकाळी काका घरी आले आणि चहा निवून जाईपर्यंत कप नुसता फिरवत राहिले.

"अण्णा, मी सही केली."

"बरं केलंस."

"रागावलात?"

"राग कशाचा रं? तुला पोरं हायत. मी काय देनार, नारळ?"

ते गेल्यावर तुम्ही तोच बोर्ड पुन्हा पुन्हा पुसत बसलात. आईनं विचारलं, "आता जोडीला कोन?" लीगनं चांगले खेळाडू उचलले होते, वखारीत निम्मे बोर्ड रिकामे राहिले, आणि दुहेरीत तुम्ही उतरलाच नाहीत.

दोन हंगामांत लीग बसली. काका पुन्हा पंक्चर काढू लागले, पण खेळायची चोरी झाली. कुठंच त्यांचं नाव घेईनात. तुम्ही कुंभिवलीला गेलात आणि त्यांना स्पर्धेला बोलावून आलात. चारच दिवसांत संघटनेचा माणूस घरी आला. त्यानं नीट समजावलं, काकांना खेळवलंत तर मान्यता जाईल, आणि त्या स्पर्धेत जो खेळेल तोही बाद होईल. तुम्ही म्हणालात, "मी बोलावलेल्या मानसाला मी भायेर नाय काढत."

तो गेल्यावर तुम्ही माझ्याकडं वळलात.

"तू यंदा नको खेळू."

"अण्णा, माझ्याशिवाय तुमची स्पर्धा?"

"राज्याच्या निवडीला तुजं नाव हाय. उद्या नोकरी लागंल. आमच्यात बसलीस तर सगळं जाईल. मावशीकडं जा मुंबईला."

मी गेले. इकडं वखारीत दिवे लागले, तेव्हा मी तिकडं परक्या मुलींसमोर बसले होते. मी निवडली गेले, आणि त्या जोरावर रेल्वेत नोकरी लागली. तुमच्या स्पर्धेला गावातलेच थोडे आले, तेही लवकर हरून घरी गेले. अंतिम सामना तुमच्यात आणि काकांच्यात झाला. बघायला गिरणीचा राखणदार आणि आई. आई त्याआधी कधी वखारीत आली नव्हती. ती सांगायची, "राणीवरनं दोगं पोरांवानी भांडत व्हते गं. तुजे अण्णा हारले, आन् हसायचे थांबनात."

पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात. काकांनी खांदा दिला. स्पर्धा पुन्हा कुणी भरवली नाही.

मी बरीच वर्षं खेळले. समोर बसणाऱ्या मुली चांगल्या होत्या, खेळ संपला की नमस्कार करून निघून जायच्या. हरल्यावर हसणारं मला कुणी भेटलं नाही, आणि मलाही तसं हसता आलं नाही. एक दिवस स्पर्धांना नाव देणंच सोडून दिलं.

मनात यायचं, स्टेशनात मला सोडायला आलात तेव्हा तुम्ही एकदा तरी "थांब गं" म्हणायला हवं होतं. मग तुमच्यावर रुसायचे. तुम्ही नाहीत, तरी रुसायचे. हे पत्र धाडायला कुठला पत्ता नाही, म्हणून लिहवतंय. तुम्ही थांब म्हणाला असतात, तरी मी गाडीतून उतरले नसते, अण्णा. मला जायचं होतं.