जाऊबाई आधी बसल्या

ता. ४ मार्च

चि. चिमणीस,
थोरल्या बहिणीचे अ. आ.

उत्तराला उशीर झाला म्हणून रुसू नकोस. पायांची तपासणी झाली एकदाची. माझीही आणि आमच्या जाऊबाईंचीही! चालताना पोटऱ्या भरून येतात असं मी म्हणायचा अवकाश, दुसऱ्या दिवशी हिच्याही भरून आल्या. तीस वर्षं लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी मी उभी, ही काउंटरवर खुर्चीत बसून गिऱ्हाइकांशी गोड गोड बोलणार, आणि पाय दुखणार हिचे. सासूबाईंनी लगेच तिच्या पायाखाली उशी सरकवली. मला कधी कुणी साधं विचारलं तरी का गं?

क्लिनिकमध्ये दंडांना आणि घोट्यांना रक्तदाबाचे पट्टे बांधून फुगवले. मग गारेगार जेली लावून पेनासारखं यंत्र पायावर फिरवलं. त्यातून रक्त वाहण्याचा आवाज येतो. हिचा ऐकून डॉक्टर छान म्हणाले, माझा ऐकून गप्प. म्हणजे तिथंही हीच सरस! माझ्या साखरेमुळे रक्ताच्या नळ्या कडक झाल्या असतील, पट्ट्याच्या आकड्यावर विसंबता येत नाही, चालवूनच बघू, असं ते म्हणाले. पोटरी दुखायला लागली की लगेच सांगून खुर्चीत बसायचं.

लांब बोळात दोघींना एकदमच चालायला लावलं. तिसऱ्या फेरीलाच माझ्या डाव्या पोटरीत असा गोळा आला की डोळ्यांत पाणी. पण शेजारून ही टुकूटुकू चालतेय आणि मी आधी बसू? शक्यच नाही. अकराव्या फेरीला हीच धपकन बसली. मी आणखी एक फेरी मारली, मग बसले, आणि नर्सला सांगितलं की दुखत काही नाही, जरा दमले एवढंच. जाऊबाईंचं तोंड बघायला तू हवी होतीस. एवढं चालता म्हणजे घाई नाही, तीन महिन्यांनी या, असं डॉक्टर म्हणाले.

बाकी ठीक. डाव्या पायाच्या अंगठ्याची जखम महिना झाला भरत नाहीये. डॉक्टरांना कालच खरचटलं म्हणून सांगितलं, नाहीतर आणखी नसती चौकशी.

लोभ ठेव, उपदेश कमी ठेव.
तुझी ताई

ता. ८ मार्च

सौ. चिमणीताई यांस,
स. न. वि. वि.

मी तुमच्या ताईंची धाकटी जाऊ. पहिल्यांदाच लिहितेय, आणि हे त्यांना कळवू नका अशी कळकळीची विनंती आहे.

त्यांचे मोजे धुवायला टाकताना मला रोज रक्ताचा डाग दिसतो. महिना झाला. विषय काढला की अंगावर येतात. पोटऱ्या दुखण्याचं मी सोंगच केलं. एकट्या त्या क्लिनिकला गेल्याच नसत्या; मी नंबर लावलाय म्हटल्यावर मात्र माझ्या आधी चपला घालून दारात उभ्या.

बोळात त्या घामाघूम झाल्या होत्या, डावा पाय ओढत होत्या. मी बसले की त्याही बसतील, असं वाटलं म्हणून बसले. तर आणखी एक फेरी! आणि वर दुखत नाही म्हणाल्या. मी तिथंच बोलायला हवं होतं. पण चारचौघांत त्यांना खोटं पाडलं असतं, तर जन्मभर माझं तोंड पाहिलं नसतं त्यांनी. माझ्या भिडेपायी त्यांचा पाय जाईल, या भीतीनं मला झोप नाही.

खरं सांगू? मलाही त्यांचा हेवा वाटतो. गिऱ्हाइकं हसतात माझ्याशी, पण शर्ट उलगडून विचारतात की इस्त्री थोरल्या बाईंचीच ना.

ओळख नसली तरी आपली समजावं.
ताईंची जाऊ

ता. १२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

सोबत तुझ्या जाऊबाईंचं पत्र आहे. तुला कळवू नका म्हणाल्या होत्या. मी विश्वासघात केला, खुशाल केला. वाच, फाड, दोन दिवस फुगून बस. त्यानंतर मात्र मुकाट्यानं डॉक्टरांकडे जा आणि तिसऱ्या फेरीचं आणि जखमेचं खरं सांग. पाय गेला तर कुणापुढे मिरवणार आहेस?

शाळेत मी पुढे जाऊ नये म्हणून अंगात ताप असताना धावली होतीस. आठवडाभर अंथरुणात, आणि आईचे सगळे लाड तुला. अजून जळते मी.

नाही गेलीस तर मीच येते. लोभ असेल तर ऐकशील.
चिमणी

ता. २१ मार्च

चि. चिमणीस,
अ. आ.

दोन नाही, चार दिवस फुगले होते. राग पायाचा नव्हता गं. उभ्या आयुष्यात एकदाच तिला हरवलं होतं, तेही तिनं मला दिलेलं निघालं! इतकी जळले की इस्त्रीखाली एका गिऱ्हाइकाची कॉलर करपली.

पाचव्या दिवशी तिच्यासमोर मोजा काढला. तिनं लॉन्ड्रीचं शटर ओढलं, गाडी बोलावली, मला आत बसवलं. डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी मनसोक्त झापलं, आणि पुन्हा चालवलं. या वेळी तिसऱ्या फेरीला बसले, दुखतंय म्हणाले, आणि मग रडूच आलं मला. मांडीतली नळी तुंबलीय. सोमवारी आतून तार घालून ती उघडणार आहेत. पाय वाचेल म्हणतात, अंगठ्याचं अजून सांगता येत नाही. भीती वाटते, खोटं कशाला बोलू?

तू यायची धावपळ करू नकोस. माझ्याजवळ रात्रंदिवस तीच राहणार आहे, कुणी विचारायच्या आतच पिशवी भरून बसलीय. कागद भरताना नर्सनं विचारलं की सोबत कोण, सख्खी बहीण का. मी हो म्हणून टाकलं.

आता तू जळ. आणि जळून झालं की लोभ पूर्वीइतकाच राहू दे.
तुझी ताई