बिघाड आणि उपाय

प्रिय ठमाबाई,

तू पाठवलेलं अस्तित्ववादाचं पुस्तक वाचून झालं. हसू नकोस. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, त्यामुळे पुस्तक हातात आलं की मी आधी शेवटची पानं उघडतो. आमच्या माहितीपुस्तकात ‘बिघाड आणि उपाय’ तिथेच असतात. इथे नुसती सूची. म्हणजे सगळं वाचणं आलं!

तू म्हणाली होतीस, “बाबा, हे वाचा, एकट्याने कसं जगायचं ते कळेल.” मग मीही पेटलो. रोज चहा झाला की तुझ्या आईच्या खुर्चीत वाचत बसायचो. निम्मं डोक्यावरून गेलं. एवढं मात्र उमगलं की माणूस जे ठरवतो त्यातून घडत जातो. म्हणून मीही ठरवायला लागलो. आईने लावलेली निळ्या शर्टांची सवय मोडून चक्क पिवळा आणला. शेजारच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, “भलतेच उजळलात की!” त्या दिवशी माझ्याशी तेवढंच कोणी बोललं.

हल्ली मी आपल्या इमारतीच्या लिफ्टमधून उगाच वरखाली करतो. कोणी विचारलं तर म्हणतो, आवाज तपासतोय. लोकांना पटतं. लिफ्ट ठणठणीत आहे गं, पण तिथे कोणी ना कोणी भेटतं.

पुस्तकात स्वतःशीच खोटं बोलण्यावर एक प्रकरण आहे. तिथे माझं घोडं अडलं. आई गेल्यावर तू विचारलंस, आमच्याकडे राहायला येता का? मी म्हटलं, इथे माझं मस्त चाललंय. जावईबापूंची अडचण, नातीचा अभ्यास, कारणं तयारच होती. तुला ती खरी वाटली, म्हणून तर तू पुस्तक धाडलंस. त्यात तुझं काय चुकलं?

पुष्कळांना या पुस्तकाने एकटं राहायला शिकवलं असेल. मी एवढंच शिकलो की हवं ते आपल्याच तोंडाने मागावं लागतं. फोनवर तुझा आवाज आला की ‘मजेत आहे’ निघून जातं, म्हणून हे पत्र. मला एकट्याने राहायचं नाही. मी तुमच्याकडे कायमचा येऊ का? नाही म्हणायची मुभा तुला आहे. मला वाईट वाटेल, आणि ते मी आता लपवणार नाही.

तुझाच,
बाबा