तक्रारदाराची खुर्ची

प्रिय चिमे,

पत्र बघून आधी घाबरशील, म्हणून सांगून टाकते: माझी तब्येत ठणठणीत आहे. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. जेवलीस का, गोळी घेतलीस का, यातच अर्धा वेळ जातो. मला हे सलग सांगायचं आहे, म्हणून लिहिते.

नवा कायदा झाला हे तुला ठाऊकच आहे. डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारी आता डॉक्टरांची परिषद ऐकणार नाही. बाहेरची माणसं ऐकणार, तीही तक्रारदाराला समोर बसवून. गेल्या दहा वर्षांत आम्ही बंद केलेली प्रकरणंसुद्धा त्यांच्या ताब्यात द्यायची आहेत. त्यातली कुठली उघडायची ते तेच ठरवणार. आमची मंडळी जाम खवळली आहेत. अध्यक्ष तर म्हणाले, उद्या टॅक्सीवाला येऊन आम्हाला नाडी बघायला शिकवेल. मीही हसले. बारा वर्षं परिषदेच्या चौकशी समितीत काढली, सवय कुठे जाते?

समितीची एक रीत तुला कधी सांगितली नाही. तक्रारदाराला आम्ही बोलवत नसू, पण टेबलाच्या टोकाला त्याची खुर्ची मांडायची आणि समोर पाण्याचा पेला. कुणा जुन्या, भल्या अध्यक्षांनी हे सुरू केलं होतं, म्हणे समोर माणूस आहे याचा विसर पडू नये. आम्ही तिच्यावर छत्र्या आणि पिशव्या ठेवायचो. हल्ली मी फायली लावायला रोज त्या खोलीत बसते, आणि शिपाईमामा रीतीप्रमाणे खुर्ची-पेला मांडतातच.

कायदा झाल्यावर जुन्या तक्रारदारांना पत्रं गेली. त्यातलं एक परत आलं. पोस्टमनने पाकिटावर लिहिलं होतं, बाई वारल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर खुर्ची मागे सरकलेली, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी, आणि पेल्यातलं पाणी अर्ध्यावर. मी मामांवर करवादले. ते म्हणाले, बाई, शपथेवर सांगतो, किल्ली माझ्या कमरेला होती. त्यांनी खुर्ची सरळ केली, पेला भरला, संध्याकाळी कुलूप लावलं. सकाळी पुन्हा तेच. आठवडाभर तेच. आता मामा त्या खोलीत शिरताना दारावर टकटक करतात, आणि मला त्यात काही वावगंही वाटत नाही.

परवा भर दुपारी मी हट्टाने त्या खुर्चीत बसले. जन्मभर भूल देऊन माणसांना झोपवलं, उठवलं, मी काही भुताखेतांना भिणारी नव्हे. तसं काही झालंही नाही. फक्त आपल्या जागेवर दुसरंच कुणी बसलं की माणूस जसा अवघडून मागे उभा राहतो, तसं माझ्यामागे कुणीतरी उभं राहिलं. शिवलं नाही, बोललं नाही, नुसती वाट बघत राहिलं. मी उठले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, बसा. खुर्ची करकरली, चिमे.

पत्र परत आलं त्या बाईंची मुलगी सव्वीस वर्षांची होती. सहा वर्षांपूर्वी हाताच्या साध्या ऑपरेशनला आली आणि भुलीतून उठलीच नाही. समितीपुढे कागद येत ते नावांवर पट्टी चिकटवून, कुणी कुणाची बाजू घेऊ नये म्हणून. पण भुलीची नोंद हाताने लिहिलेली होती. मॉनिटरचा अलार्म बंद करून ठेवल्याचं तीत लिहिलं होतं. उगाच कोकलतो मेला, आधी त्याचं तोंड बंद करा, हे माझ्या हाताखालच्या सगळ्यांना मीच शिकवलं. आणि ते अक्षर मी ओळखलं. तिथेच उठून बाहेर जायला हवं होतं. दोघं म्हणत होते चौकशी करा, दोघं म्हणत होते बंद करा. बंद करा म्हणून मी हात वर केला. पहिल्याच पायरीवर प्रकरण बंद झालं की त्या डॉक्टरला कळवायचंसुद्धा नाही, हीदेखील आमचीच रीत. ती आई न बोलावताच येऊन बाहेर बाकावर बसली होती. आत कोण कोण होतं हो, एवढंच तिने मामांना विचारलं. मामांना सांगायची परवानगी नव्हती.

तक्रारदार हयात नाही, फाईल गाळून टाका, असं अध्यक्षांनी मला सुचवलं होतं. आज सकाळी मी ती नव्या मंडळाच्या माणसाच्या हातात दिली. हात कुणी वर केला, का केला आणि अलार्म बंद करायला कुणी शिकवलं, हे सगळं लिहून सोबत जोडलं आहे. आठवड्याभरात तुला त्यांची नोटीस येईल. तुझा परवाना राहील की जाईल, मला माहीत नाही. अक्षर तुझं होतं, बाळा. ती पोर गेल्यावर तू किती दिवस धड जेवली नव्हतीस, आणि तुला कुशीत घेऊन मी म्हटलं होतं, कुणीही तुला दोष दिलेला नाही. दिला होता. तिच्या आईने, चार पानं भरून.

तोंड बघणार नाही म्हणालीस तरी तुझीच,
आई