वेबसाइट त्या पेटीत नव्हती

नौसोरी
सोमवार, १३ मे

प्रिय आई,

तुमचं पत्र पाळकबाईंच्या भावानं शनिवारी आणून दिलं. गुडघा आता वळतो आणि यंदा दालोचा कंद चांगला पोसलाय हे वाचून बरं वाटलं. माझं अक्षर वेडंवाकडं दिसेल. डाव्या हातानं लिहितेय, सांभाळून घ्या.

टेकडीवर टॉवर उभा राहिल्यापासून तुमच्या कांदावू बेटावर जो तो वेबसाइट, सर्व्हर असले शब्द बोलतो, ते असतं तरी काय, असं विचारलंत. आणि तुमचा आपेनीसा म्हणतो, राईजेलीनं, म्हणजे मी, आपलं घर इंटरनेटवर मांडलं, तर ते नेमकं कुठं मांडलं, तिथून काढता येतं का. "तो सांगतो ते मला समजत नाही, आणि विचारलं तर चिडतो. तू नीट सांग," असं लिहिलंत. सांगते.

वेबसाइट म्हणजे लिहिलेली पानं. ती एका मोठ्या कंप्युटरमध्ये ठेवलेली असतात. तो रात्रंदिवस चालू असतो, त्याला सर्व्हर म्हणतात. आमच्याकडं असला कंप्युटर नाही. ज्यांच्याकडं असतो ते त्यातली जागा भाड्यानं देतात. असं जागा देणं म्हणजे होस्टिंग. आमची जागा सिडनीत आहे. मी सिडनी पाहिलेली नाही. मग पानांसाठी एक नाव घ्यावं लागतं, ते डोमेन. फोनवर ते नाव टाकलं की फोन तिकडून पान मागवतो आणि तुमच्यापुढं धरतो. तुम्ही सुवात असा की कांदावूत, पान तेच दिसतं.

म्हणजे आमच्या ऑफिसातल्या टेबलावर जो कंप्युटर होता, त्यात वेबसाइट नव्हतीच. आम्ही त्यावर फक्त लिहायचो. आपेनीसाला हे माहीत नव्हतं.

ऑफिस म्हणजे बेकरीच्या माडीवरची एक खोली. प्रेमिला आणि मी. मार खाल्लेल्या बायका जिना चढून येतात, सांगतात, आम्ही लिहून घेतो आणि नाव गाळून वेबसाइटवर ठेवतो. खाली डॉक्टर, पोलीस, राहायची सोय यांचे नंबर. अकरा जणींचं लिहिलंय. एकीचे पुढचे दात पान्यानं पाडले होते. एकीला नवऱ्यानं पोटुशी असताना विहिरीच्या कठड्यावर आपटलं. ती सांगताना एकदाही रडली नाही, प्रेमिला रडली.

२३ एप्रिल, मंगळवार. सकाळचे अकरा वाजले असतील. आपेनीसा वर आला. हातात शेतातला कोयता होता. मला वाटलं तसाच रानातून आला असेल.

"कुठंय ते?"

"काय?"

"माझ्या बापाचं लिहिलंस ते."

मी बोलायच्या आत त्यानं कोयता कंप्युटरच्या पडद्यात घातला. मग टेबलाखालची कंप्युटरची पेटी बाहेर ओढली आणि नारळ फोडावा तशी फोडली. पत्रा त्याच्याच पायाला लागून रक्त आलं, त्याचं त्याला भान नव्हतं. म्हणाला, "झालं. संपलं."

प्रेमिलानं नको ते केलं. तिनं आपला फोन पुढं केला. "दादा, बघ. पान तसंच आहे. ते या पेटीत नसतं रे, परदेशात असतं." तिला वाटलं, कळलं की तो थांबेल.

त्यानं पान पाहिलं. मग माझं मनगट धरून टेबलावर दाबलं.

"आत जायला चावी लागते ना? टोनी म्हणाला. पासवर्ड सांग."

पासवर्ड म्हणजे तो गुप्त शब्द, आई. तो टाकल्याशिवाय पानं बदलता येत नाहीत की पुसता येत नाहीत. आमच्यात तो दोघींनाच ठाऊक होता. मी म्हणाले, नाही सांगणार. तो म्हणाला, तीनपर्यंत मोजतो. दोनलाच कोयता आला.

दोन बोटं गेली. तिसरं डॉक्टरांनी शिवलंय, पण वळत नाही. दुसरा घाव तो उगारत होता तेव्हा प्रेमिलानं चहाची किटली त्याच्या अंगावर उलटी केली. तुम्ही लिहिलंत, त्याच्या मानेला आणि खांद्याला भाजलंय, बोटीवर कुणाचं गरम पाणी सांडलं म्हणतो, तुम्ही रोज पाला बांधता. ते पाणी बोटीवर सांडलेलं नाही.

आता जे लिहायला तीन कागद फाडले ते लिहिते.

अकरातलं पहिलं पान तुमचं आहे. गेल्या वर्षी किनाऱ्यावर मासे साफ करताना तुम्ही मला सांगितलं होतं, डाव्या कानानं ऐकू का येत नाही ते. चर्चला निघताना उशीर झाला म्हणून बाबांनी होडीचं वल्हं घातलं, आणि रक्त थांबेना म्हणून तुम्ही कानात कापूस कोंबून प्रार्थनेला बसलात. तुम्ही ते हसत सांगितलंत. मी घरी येऊन लिहून काढलं. तुमचं नाव नाही, गावाचं नाही. पण मी तुम्हाला विचारलं नाही. यांगोना प्यायच्या बैठकीत त्याच्या मित्रानं, टोनीनं, फोनवर ते मोठ्यानं वाचलं, बाकीचे हसले, आणि वल्ह्याचं नाव येताच आपेनीसानं ओळखलं. म्हणजे त्याला ते आधीपासून माहीत होतं. लहानपणी त्यानं पाहिलं असणार.

तो माझ्यावर धावून आला यात माझा दोष नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण तुमची गोष्ट मी न विचारता घेतली, हा दोष माझाच.

तुम्ही विचारलंत, काढता येतं का. येतं, दोन मिनिटांचं काम आहे. त्याला मी ते करू दिलं नाही. तुम्ही नुसतं "काढ" म्हणालात तरी त्याच दिवशी काढीन, कारण विचारणार नाही. आधी मात्र पाळकबाईंच्या फोनवर एकदा वाचून घ्या.

आणखी एक. तो पळाल्यापासून कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तुमच्या पत्रातून मला कळलं. दोन दिवस पत्र उशीखाली ठेवलं. आज सकाळी पोलीस चौकीत नेऊन दाखवलं. ते गुरुवारच्या बोटीनं येताहेत. हे पत्रही त्याच बोटीनं येतंय, म्हणजे तुमच्या हाती पडेल तेव्हा ते किनाऱ्यावर उतरलेले असतील. मुद्दाम तसं पाठवलं. आधी कळलं असतं तर तुम्ही त्याला रानात पाठवलं असतंत, आणि त्यासाठी मी तुम्हाला बोल लावू शकले नसते.

दार तुम्हीच उघडा. तो मागच्या खोलीत असेल तर त्यांना तसं सांगा. त्याच्या हाताशी कोयता असेल, तुम्ही मध्ये उभ्या राहू नका.

आजपर्यंत तुमची सून, यापुढं कोण ते तुम्ही ठरवा,
राईजेली