न्हाणीघरातील वेशीचा खांब व इतर मालमत्ता

सतरा पत्र्याच्या पाट्या, एक घडीची शिडी, खांब दाखवायची पितळी काठी आणि न्हाणीघरातला कप्पीवरचा पडदा (जो ओढला की खांब दिसतो, बादली दिसत नाही) हे सर्व स्वतःच्या हातांनी घडवणारा मी, वय चौपन्न, धंदा नळजोडणी, इतिहासाचे शिक्षण स्वतःचे स्वतः, हा कागद कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर राजीखुशीने लिहून ठेवतो. गेल्या मंगळवारी त्याच खांबापाशी साबणावरून माझा पाय घसरला. डोके शाबूत असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले, तो कागद मागे टाचला आहे. शुद्धीचा इतका ताजा पुरावा सहसा कोणाच्या मृत्युपत्राला नसतो.

कलम १. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: या शहराला तट होता, तटाला वेस होती, आणि त्या वेशीचा डावा खांब, उंची सात फूट दोन इंच, आमच्या न्हाणीघरात उभा आहे. चोवीस वर्षांपूर्वी नळ टाकताना गिलावा फोडला, तेव्हा तो मला सापडला. तेव्हापासून दर रविवारी आठ ते दहा तो सर्वांना पाहण्यास खुला असतो. घरच्यांच्या आंघोळी त्यानंतर.

कलम २. घर पत्नीला. तिचे म्हणणे असे: "लोकांना अब्रू वेशीवर टांगायला लांब जावं लागतं, आमची घरच्या घरी टांगलेली. अहो, रांग आत यायच्या आधी निदान माझा टॉवेल तरी काढा!" घर विकण्याची तिला पूर्ण मुभा आहे, न्हाणीघर वगळून.

कलम ३. खांब, व त्याच्या चारी बाजूंची दीड-दीड फूट फरशी, मुलीला. शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी घरात कोण कोण असते असे विचारले, तेव्हा ती म्हणाली, "आई, बाबा आणि खांब." माझ्या पश्चात कोणीतरी घण घेऊन येईल, ही एकच भीती मला आहे. मुलगी असेपर्यंत तो येणार नाही.

कलम ४. मेहुण्याला हातोडी देऊ नये. "दाजी, वरून टाइल मारू, दगड आत सुखात राहील," हे त्याचेच वाक्य. शिडी द्यावी. तिची तिसरी पायरी ढिली आहे हेही सांगावे, चढल्यावर.

कलम ५. ज्या प्राध्यापकांनी आपल्या ग्रंथात, पृष्ठ ११२ वर, "वेशीचा एक दगडही उरलेला नाही" असे छापले आणि माझ्या अकरा पत्रांना उत्तर दिले नाही, त्यांना तहहयात रांगेशिवाय प्रवेश. साबण स्वतःचा आणावा.

कलम ६. पाट्या शहराला. बँकेच्या तळघरातल्या नऊ पायऱ्या, औषधाच्या दुकानात फ्रिजमागे पहारेकऱ्याचा कोनाडा, गाडीतळावर कारंज्याचे तोंड, अशी सतरा स्थळे मी पाट्या लावून जगापुढे आणली. प्रत्येक पाटीवर रस्त्यापासूनचे अंतर आहे. माझ्या मोजपट्टीचे पहिले सहा इंच तुटलेले होते, हे मला नऊ वर्षांनी कळले. म्हणजे प्रत्येक अंतर सहा इंच जास्त पडले आहे. पाट्यांना हात लावू नये. जमल्यास स्थळे सरकवावीत.

साक्षीदार: १. वरच्या मजल्यावरची शिंपीणबाई. २. कोपऱ्यावरचा चावीवाला. दोघांनी मजकूर वाचलेला नाही, फक्त खांब पाहिला आहे.
ठिकाण: न्हाणीघराबाहेर, रांग लागते तिथे. तारीख: ७ जून २०२६, रविवार, दहा वाजून पाच मिनिटे.
(सही)

कलम ७. सह्या झाल्यावर आठवले, म्हणून दोन्ही साक्षीदारांना जिन्यावरून परत बोलावून लिहिले. दोन वर्षांपूर्वी, पत्नी मुलीकडे गेली असताना, एक बांधकामवाला घर मागायला आला होता. मी खांबाला हात लावून नाही म्हणालो. पत्नीला हे हा कागद वाचतानाच कळेल, म्हणून त्या वेळी मुलीने तिच्या आणि खांबाच्या मधे उभे राहावे. त्याने देऊ केले होते ते असे: अडुसष्ट लाख रोख, आणि पाचव्या मजल्यावर फ्लॅट. न्हाणीघरे दोन. दोन्ही रिकामी.